१ मेचा जोडून आलेला वीकेंड, कूलरची घरघर आणि कानाला काय?

गच्चीवरचा (प्रतापनगर) | बुधवार, २९ एप्रिल, रात्री ९.४०

यंदा महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी, शुक्रवारी. म्हणजे एक सुट्टी बुडाली, पण शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग मिळतायत. पुण्याहून बहीण, मेहुणे आणि भाची येणार आहेत. (मे महिन्यात कोणी नागपूरला येतं का, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा बाहेर पडायची सोय नाही. दारं बंद, पडदे ओढलेले, सगळे एका हॉलमध्ये कूलरसमोर. त्यात आमची आई पंचाहत्तरीची आणि मुलगा सातवीतला. प्रत्येकाने कानात इअरफोन खुपसून आपापल्या कोपऱ्यात पडून राहायचं, हे मला नकोय. टीव्हीही नको, त्यावर दिवसभर क्रिकेट चालतं.

तर सांगा, अशा दिवसांत तुम्ही घरात मिळून काय ऐकता? गाणी, रेडिओ, कथा, कीर्तन, काहीही. अट एकच, कूलर चालू असताना ऐकू आलं पाहिजे. 'माझी आवडती दहा गाणी' छाप याद्या कृपया नकोत.

पोट्टा_इंदोऱ्याचा | रात्री ९.५२

कूलर बंद करा ना भौ, मग सगळंच ऐकू येते.

गच्चीवरचा | रात्री ९.५५

या आणि आमच्या आईसमोर बंद करून दाखवा.

मध्यमलहर | रात्री १०.३०

अट बरोबर घातलीत. नागपुरात उन्हाळ्यात काय ऐकायचं हे निम्मं कूलरच ठरवतो. पंख्याचा आणि ताट्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. त्यात आधी बुडतात ते नाजूक आवाज, म्हणजे स, श, फ, शब्दांची शेवटं, तंबोरा. ढोल तेवढा धपधप ऐकू येत राहतो. मग माणूस आवाज वाढवतो, ढोल आणखी वाढतो, शब्द तिथेच. जुन्या ट्रान्झिस्टरच्या छोट्या कर्ण्यातून मधल्या पट्टीतलाच आवाज यायचा, त्यामुळे निवेदकाचं बोलणं घरघरीतूनही कळायचं.

म्हणून स्पीकरचा बास उतरवा, मधली पट्टी थोडी चढवा. आणि स्पीकर कूलरशेजारी ठेवू नका. प्लग तिथे असतो म्हणून सगळे तिथेच ठेवतात. तो ऐकणाऱ्यांच्या बाजूला आणा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, पण फरक जाणवतोच.

काय ऐकायचं म्हणाल तर मी रेडिओवाला माणूस. दुपारी विविधभारती, रात्री दहाला छायागीत, यापलीकडे माझी झेप नाही. पण आपल्या गावाची एक गोष्ट नव्या मुलांना माहीत नसते. १८ मे १९८८ ला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली. कार्यक्रम दिल्लीचे, पण मनोरा आपला, बुटीबोरीचा. १,००० किलोवॅट, १५६६ किलोहर्ट्झ. ही सेवा रात्रीची होती. दिवसा वातावरणातला डी थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून एका मनोऱ्यातून चारी दिशांना जाता आलं. आम्ही गच्चीवर झोपायचो तेव्हा उशाशी हीच. इतर शहरांतले लोक रात्री नागपूरचा मनोरा ऐकत, आणि नागपूरचे बरेचसे लोक तेव्हा डास मारत असत. २०१९ च्या सुरुवातीला ती सेवा बंद झाली.

पोट्टा_इंदोऱ्याचा | रात्री १०.४१

१,००० किलोवॅट!! आमच्या गल्लीतल्या वरातीचा डीजे पण तेवढाच असन काका.

सासर_नागपूर | रात्री ११.०५

मी पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात इथल्या हॉलमध्ये दुपारी सगळे एकमेकांशी ओरडून बोलत होते. मला वाटलं घरात भांडण पेटलंय. नंतर कळलं, कूलर.

आमच्याकडे एक प्रकार चालतो, तो सुचवते. फर्माईश. सकाळी एक डबा ठेवायचा, ज्याला जे ऐकायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. खाली नाव, गाव. दुपारी आमरस-कुरडया झाल्या की घरातलं एक लेकरू निवेदक. ते चिठ्ठी काढून वाचणार, 'महालहून आजी, धंतोलीहून आत्या, झुमरीतिलैयाहून बाबा'. चिठ्ठी निघाली की गाणं पूर्ण वाजणार, मध्ये कोणी 'पुढचं लाव' म्हणायचं नाही. नियम एवढाच. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रॅप पूर्ण ऐकलं ते या नियमामुळे. आवडलं नाही. पण पूर्ण ऐकलं.

वाळ्याची_ताटी (महाल) | गुरुवार, ३० एप्रिल, सकाळी ६.२०

सासर_नागपूर, डब्याची कल्पना झकास आहे गं. आमच्या लहानपणी बुधवारी रात्री आठला गीतमालेसाठी शेजारपाजारची पोरं ज्यांच्याकडे रेडिओ त्यांच्या अंगणात जमायची. अमीन सायानी 'बहनों और भाइयों' म्हणाले की गलका बंद. ते २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा मला माझी ती बाज आठवली.

पण गच्चीवरचा, तुम्ही 'काय' विचारलंत, 'केव्हा' विचारलं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसाचे तुकडे पडतात. पहाटे कूलर बंद करून खिडक्या उघडतो तो तास-दीड तास एवढाच काय तो निवांत कानाचा. शास्त्रीय ऐकायचं ते तेव्हा. तंबोरा ऐकू येतो. दुपारी सारंग लावायची हौस असेल तर लावा, वृंदावनी सारंग वेळेला धरूनच आहे, पण कूलरखाली अर्धा सारंग कूलरच गातो.

आणि शनिवारी २ मे आहे हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वसंतराव देशपांड्यांचा जन्मदिवस. १९२० चा जन्म, मूर्तिजापूरचा, पण वाढले नागपुरात. शंकरराव सप्र्यांकडे शिकले. त्याच सप्र्यांकडे राम चितळकर शिकत होते, पुढे हिंदी सिनेमात सी. रामचंद्र झाले ते. एका गुरूच्या हाताखालून एक खाँसाहेब आणि एक असा चाली बांधणारा निघाला, आणि दोघांचे सुरुवातीचे सूर या गावातले. आपण सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला वसंतरावांचं नाव दिलं आणि मोकळे झालो. पार्किंग मिळालं की नाही एवढंच तिथून परत येताना बोलतो.

शनिवारी संध्याकाळी सूर्य कलला की मारवा लावा. वसंतराव आणि मारवा हे समीकरण जाणकारांना सांगायला नको. नवख्यांनी 'कट्यार'पासून सुरुवात करावी. १९६७ चं नाटक, खाँसाहेब आफताबहुसेन त्यांनी असे उभे केले की पुढे ती भूमिका करणाऱ्या प्रत्येकाला आधी त्यांच्याशी सामना करावा लागला. सातवीतल्या मुलालाही ते कळतं, कारण त्यात दोन घराण्यांचं भांडण आहे.

वेगळा_विदर्भ | सकाळी ९.१५

१ मे आमच्याकडे काळा दिवस. राज्यगीत वगैरे ऐकणार नाही.

वाळ्याची_ताटी | सकाळी ९.४०

नका ऐकू. पण 'जय जय महाराष्ट्र माझा' लिहिणारे राजा बढे नागपूरचेच, १९१२ चा जन्म. चाल श्रीनिवास खळ्यांची, गायले शाहीर साबळे. मूळ गाण्यात वरदा आहे, ती आपलीच वर्धा नदी.

वेगळा_विदर्भ | सकाळी ९.४४

नदी आमची, कवी आमचा, राज्य त्यांचं. फजल अली आयोगाने १९५५ मध्येच वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं, ते कोणी वाजवत नाही.

समृद्धीवर_सुसाट | सकाळी ९.५०

घ्या, सुरू झालं.

संपादक | सकाळी १०.०२

वेगळ्या राज्यासाठी आधीच मोठा धागा वाहतो आहे, तिकडे जावे. इथे कानापुरतं.

खंजेरी | सकाळी १०.३०

आज ३० एप्रिल, तुकडोजी महाराजांची जयंती. १९०९, यावली. आमच्या तिवसा तालुक्याकडे आज ग्रामजयंती म्हणतात. तीन दिवसांचा वीकेंड तुमचा, आमचा आजपासूनच सुरू होते.

मी नोकरीपायी नागपुरात हाओ, पण आज संध्याकाळी मोझरीची सामुदायिक प्रार्थना घरी लावतो. मग महाराजांची खंजेरी. कूलरवाल्या अटीत तर ते फिट्ट बसते. खंजेरीची थाप अन् झांजा कूलर काय, पिठाची गिरणी चालू असली तरी आरपार येतात. महाराज गावागावात हजारो लोकांपुढे गायचे, त्यांचं गाणं मोकळ्या मैदानासाठीच हाये. शब्द साधे, ओळ परत परत येते. आमचा चार वर्षाचा पोरगा डब्याच्या झाकणावर साथ करते.

इथे शहरातले लोक तुकडोजी महाराजांचं नाव विद्यापीठाच्या पाटीवर वाचतात, ऐकत नाहीत. एक डाव ऐकून पाहा जी.

सासर_नागपूर | सकाळी ११.१०

खंजेरी, तुमच्या प्रतिसादाने आज घरात वाजणार हे नक्की. हिंदी भजनंही आहेत ना त्यांची? आमच्याकडे एक भाडेकरू छिंदवाड्याचे आहेत, त्यांना ती पाठ आहेत.

खंजेरी | सकाळी ११.१८

हव ताई, हिंदीतही भरपूर लिहिलं त्यांनी.

पोट्टा_इंदोऱ्याचा | दुपारी १.०५

आता मजाक सोडून लिहितो. शुक्रवारी आमच्याकडे सकाळी विहारात वंदना. त्रिशरण, पंचशील, सगळं पालीत. लहानपणी अर्थ माहीत नव्हता तरी चाल अंगात बसली होती. मग खीरदान. मग घरोघरी भीमगीतं, बुद्धगीतं. दिवसभर वामनदादा.

वामनदादा कर्डक नाशिककडचे, सिन्नर तालुक्यातले. १९२२ मध्ये जन्मले, २००४ मध्ये मे महिन्यातच गेले. पण दीक्षाभूमी ज्या गावात आहे त्या गावात त्यांना बाहेरचा कोण म्हणन? १४ ऑक्टोबर १९५६ ला माझा आजा त्या मैदानात होता. बाबांनी दरवर्षी दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून कॅसेट आणल्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. कॅसेटचं कपाट आईने अजून फेकू दिलं नाही. वाजवायला प्लेअर नाही, पण कपाट पुसते.

मी स्वतः रॅप ऐकतो, थोडं लिहितोही. लोक म्हणतात हे काय नवीन खूळ. वामनदादांचं एखादं सवाल टाकणारं गाणं ऐका अन् मग सांगा नवीन काय हाये ते. यमक तेच, ठेका तोच, समोरच्याला विचारणं तेच. फक्त आमच्याकडे बास जास्त. (मध्यमलहर काका, बास उतरवला तर आमचं काही उरत नाही, त्याचं काय करू?)

मध्यमलहर | दुपारी १.४०

संध्याकाळी कूलर बंद झाल्यावर लाव बाबा. आणि गच्चीवर नको.

समृद्धीवर_सुसाट | दुपारी ३.२५

घरात बसणाऱ्यांचं झालं असेल तर रस्त्यावरच्यांचं ऐका. मी उद्या पहाटे चारला शिवमडक्याहून निघतोय, कुटुंब घेऊन नाशिककडे. समृद्धी आता पूर्ण ७०१ किलोमीटर खुली आहे, इगतपुरीच्या पुढचा शेवटचा तुकडा गेल्या वर्षी जूनमध्ये सुरू झाला.

या रस्त्यावर काय ऐकायचं हा चैनीचा प्रश्न नाही. सरळ रस्ता, ना गाव ना चौक ना रसवंती. डोळे उघडे राहतात पण डोकं झोपतं. अशा वेळी एकसारख्या ठेक्याची गाणी घातक, मग ती कितीही जोरात लावा. माझा अनुभव, बोललेलं ऐकावं. कथाकथन, मुलाखत, रहस्यकथेचं ऑडिओबुक. पुढे काय होणार हे डोकं शोधत राहतं. तरी झोप आली तर कोणतंही ऑडिओबुक तुम्हाला वाचवत नाही, गाडी थांब्यावर घ्या आणि वीस मिनिटं झोपा.

दुसरं, सगळं घरूनच डाउनलोड करा. शहर सोडलं की आपले एफएम हळूहळू खरखरायला लागतात आणि नेटवर्कही येतं-जातं. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी तर घाट सुरू व्हायच्या आधीच फोनकडून आशा सोडावी. आणि फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तापून बंद पडतो, नकाशाही जातो आणि कथेतला खुनीही.

वाळ्याची_ताटी | दुपारी ४.१०

दुपारी निघू नका हो, पहाटेच बरं. सोबत कांदा आणि पन्हं ठेवा.

तांबट | संध्याकाळी ६.५०

मला नेहमी प्रश्न पडतो, सुट्टी आली की लोकांना काहीतरी लावावंच का लागतं? शनिवारी पहाटे साडेपाचला अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला या. कोकीळ तर घरबसल्याही ऐकू येतो, चार वाजल्यापासून. पण पावशा ऐका. पावसाळ्याआधीच्या या दिवसांत तो पेटलेला असतो, 'पेरते व्हा, पेरते व्हा', सूर चढवत चढवत जातो आणि एकदम तुटतो. शेतकऱ्याला मे महिन्यात पेरते व्हा म्हणणं जरा घाईचंच आहे, पण त्याला कोण सांगणार.

भर दुपारी बाकी सगळे पक्षी चूप असतात तेव्हा एकटा तांबट चालू असतो. टुक, टुक, टुक, तासन्‌तास. पिंपळावर, वडावर बघा, चिमणीहून जरा मोठा, हिरवा, कपाळाला लाल टिळा. चोच मिटलेली ठेवून आवाज काढतो, गळा फुगवून. मान इकडेतिकडे फिरवतो म्हणून कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखं वाटतं. लहान मुलांना हे शोधायला लावा, दुपारचा एक तास जातो. खिडकी मात्र उघडावी लागेल, म्हणजे गच्चीवरच्यांची अट मोडणार.

गच्चीवरचा | संध्याकाळी ७.१५

खिडकीतून ४३ अंशांची हवा येते हो. पहाटेचं जमेल.

मेच्या_लग्नाचा_वैरी | रात्री ११.२०

तुम्ही सगळे 'काय ऐकू' विचारताय. आमच्या मागे लग्नाचं लॉन आहे, आम्हाला निवड नसते. कायदा सांगतो, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. आत्ता ११.२० झालेत आणि नवरदेवाचे मामा नाचतायत. खिडक्यांची तावदानं थरथरतायत. शंभर नंबर ११२ झाला, एवढाच बदल.

पोट्टा_इंदोऱ्याचा | रात्री ११.३२

गाणं कोणतं चालू हाये पण?

मेच्या_लग्नाचा_वैरी | रात्री ११.३३

तेच. तिसऱ्यांदा.

मन्नाप्रेमी | शुक्रवार, १ मे, सकाळी ८.००

आज मन्ना डे यांचाही जन्मदिवस, १९१९. बंगाली माणूस, पण मराठीतही काय गायलेत. बाकी चर्चा वाचली, छान.

गच्चीवरचा | सोमवार, ४ मे, रात्री ९.१०

पाहुणे आज सकाळी गेले. काय चाललं आणि काय नाही ते लिहितो.

पहाटेची खिडकी हे सगळ्यात चाललं. वाळ्याची_ताटी, तुमचं बरोबर. शनिवारी साडेपाचला वसंतराव लावले आणि मेहुणे चक्क उठून बसले, जे पुण्यात आठच्या आधी उठत नाहीत. मारवा संध्याकाळी लावायचा राहिला, कारण तेव्हा सगळे फुटाळ्याला गेलो आणि तिथे ऐकू काय येणार, नुसते हॉर्न.

स्पीकर कूलरपासून हलवला, बास उतरवला. फरक पडला. कथाकथन स्वच्छ कळलं. फक्त मुलाने दीडपट वेगाने लावलं होतं आणि आई म्हणाली, 'हा माणूस गाडी पकडायला निघालाय का?'

खंजेरी, प्रार्थना गुरुवारीच लावली होती. आईला अर्धी पाठ निघाली, मला हे माहीतच नव्हतं. तिचं माहेर आर्वीचं, तिकडे शाळेत रोज व्हायची म्हणे.

फर्माईशचा डबा मात्र डोक्यावरून पाणी. मुलगा निवेदक झाला आणि तीन दिवस त्याने घरात दुसऱ्या आवाजात बोलणंच बंद केलं. 'ये फर्माईश आई है किचन से.' भाचीने कोरियन गाणी टाकली, ती नियमाप्रमाणे पूर्ण ऐकली. रॅपही झालं. पण रविवारी डब्यातून एकाच जुन्या लावणीच्या चिठ्ठ्या निघत राहिल्या, कधी 'कामठीहून शेषराव', कधी 'उमरेडहून एक रसिक'. हे काम मेहुण्यांचं आहे अशी माझी खात्री आहे. अक्षरही त्यांचंच.

सासर_नागपूर | रात्री ९.३०

अक्षरावरून पकडलं म्हणजे नवशिके आहेत. आमच्याकडे डाव्या हाताने लिहितात.

तांबट | रात्री ९.४२

पावशा ऐकला का?

गच्चीवरचा | रात्री ९.४५

ऐकला. मेहुण्यांना पेरते व्हा काही ऐकू आलं नाही, त्यांना 'पैसे दे' ऐकू आलं.

पुण्याचा_पाहुणा (नवीन सदस्य) | रात्री १०.५५

नमस्कार. मीच तो मेहुणा. गाडीत बसून हा पूर्ण धागा वाचला आणि सदस्य झालो.

अक्षर माझं आहे हे मान्य. पण मजकूर सासूबाईंचा. दुपारी सगळे पेंगले की त्या मला स्वयंपाकघरात बोलावून सांगायच्या आणि मी लिहायचो. 'कामठीहून शेषराव' हे नावही त्यांनीच दिलं. बदल्यात मला वांगीभाताची दुसरी वाढ मिळाली, म्हणून आजवर गप्प होतो.

गच्चीवरचा | रात्री ११.०१

थांबा, आईला विचारून येतो.

गच्चीवरचा | रात्री ११.०९

ती म्हणते, जावईबापूंना काही कळत नाही. आणि लावणी परत लाव म्हणते.